अंगठा तुझाच ना? डहाणू-तलासरीची कर्जवही आणि तुमच्या फोनवरचा ओटीपी

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय आहे क्रेडिट कार्ड आणि त्यातले धोके. आणि सुरुवात करायची आहे तलासरीपासून. तुम्ही म्हणाल, कार्डाचा आणि तलासरीचा काय संबंध? आहे. जवळचा आहे. पाच मिनिटं दम धरा.

कार्डावरून कोणीतरी परस्पर पैसे उडवले की आपण काय करतो? बँकेला फोन लावतो. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "ओटीपी तुम्हीच दिलात ना?" तुम्ही "हो, पण" म्हणता, आणि त्या "पण"च्या पुढचं ऐकायला कोणाला वेळ नसतो. ओटीपी तुमच्या फोनवर आला, तुमच्याकडूनच गेला, म्हणजे व्यवहार तुमचाच. विषय संपला.

हा प्रश्न नवा नाही. आज आपण ज्याला डहाणू आणि तलासरी तालुका म्हणतो, तिथे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी तो वेगळ्या शब्दांत विचारला जायचा. अंगठा तुझाच ना? मग कर्ज तुझंच.

आज आपण या एका प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. तो कोण विचारतं, उत्तर कोणाला द्यावं लागतं, आणि उत्तराची जबाबदारी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे कशी सरकली.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवू. वारली लोकांनी जे सोसलं आणि आपल्या कार्डावरून पाच-दहा हजार जाणं, या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत. तिथे पिढ्या गेल्या, जमिनी गेल्या, माणसं गेली. सारखं आहे ते एवढंच: पुरावा कोणाच्या हातात आणि दोष कोणाच्या माथी.

कर्ज दारात कसं आलं

नकाशा आधी नीट लावून घेऊ. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. आणि १९६० च्या आधी तलासरीचा भाग उंबरगाव तालुक्यात मोडायचा. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, उंबरगाव तिकडे गेलं, तलासरी इकडे राहिलं. म्हणून जुन्या कागदांत "उंबरगाव आणि डहाणू" अशी जोडी दिसते. ती आपलीच गावं.

इथे राहणारे वारली, धोडी, कोकणा, दुबळा, काथोडी हे लोक जंगल आणि शेती यांवर जगत होते. रोख पैशाची गरज कमी होती. एकोणिसाव्या शतकात तीन गोष्टी मागेपुढे घडल्या. जमिनीचा सारा रोखीत भरायचा नियम पक्का झाला. १८७८ च्या वन कायद्याने जंगलातला मुक्त वावर आवळला. आणि त्याच साली मुंबई इलाख्याच्या अबकारी कायद्याने घरची दारू, ताडी यांवर सरकारी बंधन आणलं. त्यातच १८६० च्या दशकात रेल्वे आली, म्हणजे इथलं लाकूड आणि गवत मुंबईला जाऊ लागलं. त्या बाजाराबरोबर व्यापारी आले, सावकार आले.

आता विचार करा. सारा रोखीत, जंगल बंद, आणि रोख रक्कम मिळायचं एकच ठिकाण: सावकाराची पेढी. कर्ज घेणाऱ्याची ही हौस नव्हती. दुसरा रस्ताच ठेवला नव्हता.

कर्जाचे दोन प्रकार मुख्य. एक खावटी. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, तेव्हा सावकाराकडून भात उचलायचं आणि पीक आलं की दीडपट, कधी दुप्पट परत करायचं. दुसरं लग्नाचं कर्ज. लग्नासाठी शंभर-दोनशे रुपये घ्यायचे, आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या, जमीनदाराच्या घरी राबायचं. याला लग्नगडी म्हणत. फिटेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत? ते वही सांगणार. आणि वही मालकाकडे. कित्येकांची हयात त्यात गेली, काहींची पुढची पिढीही.

याशिवाय वेठ. म्हणजे बिनपैशाचं काम, मालकाने बोलावलं की जायचंच. डेव्हिड सिमिंग्टन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासी भागांचा अहवाल लिहिला, तो १९३९ चा. त्यात या भागातलं कर्ज, वेठ आणि मारहाण यांची नोंद आहे. म्हणजे सरकारला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

अंगठ्याने नेमकं काय सिद्ध होतं?

इथे थोडं थांबू, कारण पुढचं सगळं याच मुद्द्यावर उभं आहे.

अंगठ्याच्या आधी शेतकरी कागदावर निशाणी करायचा. आपल्याकडे जुन्या दस्तांत "निशाणी नांगर" असं सापडतं. ज्याला लिहिता येत नाही त्याची ती सही. पण नांगराचं चित्र कोणीही काढू शकतो. मग कर्जदार म्हणू शकत होता, ही निशाणी माझी नाहीच.

ही पळवाट बुजवली ती भारतातच. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा अधिकारी होता. रस्त्याच्या सामानाचा करार करताना त्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या अख्ख्या पंजाचा शाईचा ठसा कागदावर घेतला. हेतू हा, की उद्या त्याने "सही माझी नाही" असं म्हणू नये. पुढे ठशांवर बरंच काम झालं आणि १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. मग अंगठा सरकारी कागदांवर, गहाणखतांवर, सगळीकडे पोचला. सात-बाराशी किंवा खरेदीखताशी संबंध आला असेल तर "निशाणी डावा अंगठा" हे शब्द तुम्ही पाहिले असतील.

तर अंगठ्याचा जन्म झाला तो कागद बाळगणाऱ्याच्या सोयीसाठी. अंगठा उमटवणाऱ्याला सुरक्षित करायला तो आला नव्हता.

कोणत्याही व्यवहारात तीन प्रश्न असतात. कबुली कोणी दिली? काय समजून दिली? आणि कबुलीची प्रत कोणाकडे आहे? अंगठा पहिल्याचं उत्तर पक्कं देतो. दुसऱ्या आणि तिसऱ्याबद्दल तो गप्प असतो. कोऱ्या कागदावरही अंगठा तितकाच खरा उमटतो. शंभर घेतले आणि कागदावर तीनशे लिहिले, तरी अंगठा खराच.

आता अंगठ्याच्या जागी ओटीपी ठेवा. सहा आकडे सांगतात की फोन तुमचा आहे. तुम्हाला काय सांगून ते आकडे काढून घेतले, हे ते सांगत नाहीत. लक्षात आलं ना, आपण कुठे चाललोय?

पुणे जिल्हा, १८७५: कागदाच्या मागे जाणारा कायदा

वारल्यांच्या उठावाकडे जाण्याआधी सत्तर वर्षं मागे, घाटावर जाऊन येऊ. कारण "अंगठा तुझाच ना" याला कायद्याने पहिल्यांदा मोठा धक्का दिला तो तिथल्या घटनांमुळे.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, बाजाराचा दिवस. शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. पुढच्या काही आठवड्यांत हे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. या लोकांना सगळ्यात जास्त काय हवं होतं? कर्जरोखे. कागद काढ, दे, जाळू. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे बहुतेक ठिकाणी मारहाण झाली नाही. त्यांना पक्कं माहीत होतं की आपली बेडी त्या कागदात आहे.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला, आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातल्या तीन तरतुदी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली: शेतकऱ्याने करून दिलेला कर्जाचा दस्त गावच्या निबंधकासमोर झाला पाहिजे. म्हणजे दोघांच्या मध्ये तिसरा माणूस.

दुसरी: पैसे भरल्याची पावती आणि मागितल्यावर हिशेब, हे सावकाराने द्यायचंच. म्हणजे प्रत दोघांकडे.

आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची. कोर्टाने नुसता रोखा बघून निकाल द्यायचा नाही. व्यवहार पहिल्यापासून कसा झाला, मूळ रक्कम किती, व्याज किती, हे उकलायचं. कबुलीचा कागद समोर असला तरी. म्हणजे अंगठा तुझाच, हे मान्य. पुढचा प्रश्न, पैसे खरंच किती दिले होते?

या कायद्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. सावकारांनी वाटा शोधल्याच. पण एक तत्त्व पुस्तकात आलं: कबुलीचा पुरावा म्हणजे न्याय झाला असं नाही.

झरी, २३ मे १९४५

आता परत आपल्या भागात. हे तत्त्व पुस्तकात असलं तरी तलासरीच्या जंगलपट्टीतल्या माणसापर्यंत ते कसं पोचणार? कोर्ट लांब, वकील लांब, आणि मामलेदारापेक्षा जमीनदाराचा दरारा मोठा.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. उंबरगाव भागातून काही वारली तिथे पोचले. माह्या धांगडा यांनी तिथे आपल्या लोकांची परिस्थिती मांडली. किसान सभेच्या कामात शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर होते. गोदावरीबाई मग याच भागात आल्या, पाड्यापाड्यांतून फिरल्या. त्यांनी या सगळ्यावर "जेव्हा माणूस जागा होतो" हे पुस्तक लिहिलं, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीत आहे, जरूर वाचा.

२३ मे १९४५ ला आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात सभा भरली. सुमारे पाच हजार वारली जमले असं सांगितलं जातं. ठराव अगदी साधे. वेठ करायची नाही. रोजचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर राबायचं नाही. कोणी हात उचलला तर एकत्र उभं राहायचं.

यानंतर लोक गावोगाव गेले आणि लग्नगड्यांना सांगितलं, तू मोकळा आहेस. वहीत काय लिहिलंय याची वाट न बघता. ज्या वहीत किती फिटलं याचा हिशेब कधी दाखवलाच नाही, ती वही आम्ही मानत नाही, हा त्याचा अर्थ.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले, त्यांत जेठ्या गांगड होते. परुळेकरांना जिल्ह्याबाहेर घालवलं. तरी वेठ आणि लग्नगडी पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली नाही. आजही १० ऑक्टोबरला तलासरी भागात हुतात्म्यांची आठवण काढली जाते.

मग कायदेही आले. १९४६ चा मुंबई सावकारी कायदा. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा. आणि आपल्या प्रश्नाला थेट भिडणारा १९७४ चा महाराष्ट्राचा कायदा, अनुसूचित जमातींच्या जमिनी परत देण्याचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत मिळवायची वाट त्याने उघडली. आणि आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही, हे बंधन घट्ट झालं.

याचा अर्थ नीट बघा. अंगठा खरा. माणूस तोच. कागद रीतसर. तरीही व्यवहार रद्द होऊ शकतो. कारण एका बाजूला सगळी ताकद आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तेव्हा नुसती कबुली पुरेशी धरायची नाही, असं कायद्याने ठरवलं. सुप्यापासून इथवर जवळपास शंभर वर्षं लागली.

कार्डाची गोष्ट: न मागता घरी आलेलं कर्ज

आता कार्डाकडे. ही गोष्ट सुरू होते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात. सप्टेंबर १९५८. बँक ऑफ अमेरिकाने तिथल्या ६०,००० लोकांना पोस्टाने क्रेडिट कार्डं पाठवली. कोणीही मागितली नव्हती. टपालपेट्यांतून कार्डं चोरीला गेली, भलत्यांनीच वापरली. बुडीत खाती साधारण ४ टक्के होतील असा बँकेचा अंदाज होता, ती झाली २२ टक्के.

बारा वर्षांनी, १९७० मध्ये अमेरिकेने कायदा केला. न मागता कार्ड पाठवायचं नाही. आणि चोरीच्या वापरात ग्राहकाच्या माथी जास्तीत जास्त ५० डॉलर, बाकी बँकेने बघायचं. जबाबदारी सरकली, आणि मग कार्ड सुरक्षित करायची गरज बँकांना आपोआप वाटू लागली. नुकसान ज्याच्या खिशातून जातं, तोच कुलूप चांगलं लावतो.

भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणलं. तेव्हा दुकानात एक सरकतं यंत्र असायचं. कार्डावरचे उठावदार आकडे कार्बनच्या पावतीवर दाबून उमटवायचे आणि ग्राहकाने सही करायची. धोका कुठे? टाकून दिलेल्या कार्बनमध्ये. त्यावर अख्खा नंबर असायचा.

मग चुंबकीय पट्टी आली. तिच्यातली माहिती कायम तीच असते, त्यामुळे हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर कोणी छोट्या यंत्रातून ती उतरवून घेतली की दुसरं कार्ड तयार. म्हणून चिप आली. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा संकेत बनवते, जुना चोरून उपयोग नाही. ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सगळी कार्डं चिपची करा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता.

बघा, प्रत्येक टप्प्यावर पहिल्या प्रश्नाचं उत्तर अधिक पक्कं होत गेलं. कोण आहे हे. पण काय समजून?

पुण्यातल्या दोन घटना

यासाठी महाराष्ट्रातलीच दोन प्रकरणं बघू, दोन्ही पुण्यातली.

पहिलं २००५ चं. पुण्यातल्या एका बीपीओमधून सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांची कामं चालायची. तिथल्या काही कर्मचाऱ्यांनी फोनवर ग्राहकांचा विश्वास मिळवून त्यांचे पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर दुसरीकडे वळवले. यात कुठलंही कुलूप फोडलं नाही. ग्राहकांनी स्वतः किल्ली दिली, कारण पलीकडचा माणूस खरंच बँकेचं काम करत होता. शिकलेली, इंग्रजी बोलणारी, बँकेत वर्षानुवर्षं खाती असलेली माणसं होती ही. त्यामुळे "अडाणी लोक फसतात" हे डोक्यातून काढून टाका.

दुसरं ऑगस्ट २०१८ चं, कॉसमॉस बँकेचं. ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ते १३ ऑगस्टच्या दरम्यान सुमारे ९४ कोटी रुपये गेले. कार्डाचा व्यवहार मंजूर करायचा की नाही हे ज्या यंत्रणेतून ठरतं, तिच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली. मग नकली कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएममधून जवळपास ७८ कोटी काढले. भारतात सुमारे अडीच कोटी निघाले, त्यांत कोल्हापूरची एटीएमही होती. उरलेले १३.९२ कोटी १३ तारखेला हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. कोणत्याही ग्राहकाने पिन सांगितला नव्हता, ओटीपी दिला नव्हता. नुकसान बँकेच्या पातळीवर राहिलं.

पहिल्या प्रकरणात माणूस फोडला, दुसऱ्यात वही. दोन्हींत कबुलीचा पुरावा रीतसर होता.

ओटीपी आणि २०१७ चा नियम

रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची केली. आपण ज्याला ओटीपी म्हणतो, त्याचा रस्ता तिथून सुरू झाला. बऱ्याच देशांत तेव्हा नुसता नंबर टाकला की खरेदी व्हायची. आपला नियम चांगलाच कडक होता. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना आणि ॲपना तुमचा खरा कार्ड नंबर साठवायला बंदी झाली, त्याऐवजी टोकन. हेही चांगलं.

मग चोरांनी काय केलं? कुलूप मजबूत झालं, तर किल्लीवाल्याला गाठलं. "रिवॉर्ड पॉइंट आज संपतायत." "लिमिट वाढवून देतो." "तुमच्या नावाने कार्ड निघालंय, बंद करायचंय का?" व्हॉट्सॲपवर ई-चलानच्या नावाने एपीके फाइल येते, ती टाकली की तुमचे एसएमएस परस्पर वाचले जातात. तिथे तर ओटीपी सांगावाही लागत नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक. त्यात म्हटलंय:

- चूक बँकेची असेल, तर तुम्ही कधीही कळवा, तुमचं दायित्व शून्य.
- चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्या कोणाची तरी आहे, आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर शून्य.
- चार ते सात दिवसांत कळवलं, तर ठरावीक मर्यादेपर्यंतच. पाच लाखांपर्यंत लिमिट असलेल्या क्रेडिट कार्डाला ही मर्यादा १०,००० रुपये.
- चूक तुमचीच असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.
- आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. १८७९ मध्ये सावकाराला हिशेब दाखवायला लावला, त्याच जातकुळीचा हा नियम.

पण फट कुठे आहे तेही बघा. "ओटीपी तुम्हीच दिलात ना?" याला तुम्ही "हो" म्हणालात की तो निष्काळजीपणा धरला जातो आणि सगळं तुमच्या माथी येतं. म्हणजे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरच फाइल बंद. काय समजून दिला, कोणी काय सांगितलं होतं, हे विचारायचं राहूनच जातं. लढाई आज या फटीत चालू आहे.

आणि अंगठा परत आला

२९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. आज गावातल्या केंद्रावर छोट्या यंत्रावर अंगठा ठेवून आधारजोडणी असलेल्या खात्यातून पैसे काढता येतात. बँक लांब असलेल्या पाड्यावर ही खरीच मोठी सोय आहे.

पण तीन प्रश्न तेच. यंत्राच्या पडद्यावर किती रक्कम आहे? अंगठा एकदा ठेवायला सांगितला की "उमटला नाही" म्हणून दोनदा? आणि पावती कोणाकडे? तेलंगणात २०१८ मध्ये नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे उतरवून नकली अंगठे बनवल्याचं प्रकरण उघड झालं होतं. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार? म्हणून आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना ते लावून द्या, आणि पैसे काढायच्या दिवशी कसं उघडायचं तेही शिकवा. नाहीतर बिचारे रांगेत अडकतील.

मग आपण काय करायचं

बोईसर, वापी, उंबरगावच्या कारखान्यांत नोकरी लागली, पगाराचं खातं झालं, की कार्डाचे फोन सुरू होतात. कार्ड घ्या किंवा घेऊ नका, पण हे करा.

कार्डाच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद ठेवा. ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देण्याची मर्यादा आपल्या गरजेएवढीच ठेवा. टॅपला ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, कार्ड हरवलं तर हीच रक्कम आधी जाते.

ओटीपीचा एसएमएस पूर्ण वाचा. आकड्यांच्या आधी किंवा नंतर लिहिलेलं असतं, कोणाला आणि किती. आपण नेमकं तेच वाचत नाही.

न मागता कार्ड आलं, तर ते चालू करू नका. २०२२ च्या नियमांनुसार न मागता कार्ड देता येत नाही. तीस दिवसांत चालू केलं नाही तर बँकेने तुमची ओटीपीने संमती घ्यायची, नाहीतर फुकटात बंद करायचं.

वर्षातून एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट मागवा. प्रत्येक संस्थेकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आपल्या आधार-पॅनच्या झेरॉक्सवर कोणी परस्पर कर्ज उचललं असेल तर तिथे दिसतं. तुमची वही आहे ती. मागून बघा.

पैसे गेलेच तर लाज बाळगत बसू नका. आधी कार्ड ब्लॉक, मग १९३० वर फोन, मग बँकेकडे लेखी तक्रार. तक्रारीचा नंबर आणि वेळ जपून ठेवा, कारण तीन दिवसांचा हिशेब त्यावर ठरतो. "ओटीपी दिला का?" असं विचारलं तर खरं तेच सांगा, आणि तिथे थांबू नका. फोन कोणत्या नंबरवरून आला, काय सांगितलं, माझी माहिती त्याच्याकडे आधीच कशी होती, हे सगळं लिहून द्या. फाइलमध्ये दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच घाला. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट.

"सावध राहा" हा सल्ला बरोबरच आहे, पण वारल्यांना कोणी सावध राहायला सांगितलं असतं तर वेठ थांबली असती का? लग्नगडी सुटले ते लोक एकत्र झाले म्हणून. आणि जमिनी परत मागता येऊ लागल्या त्या कायदा बदलला म्हणून. तुमच्या ओळखीत कोणाचे पैसे गेले असतील तर त्याला "तूच दिलास ना ओटीपी" म्हणू नका. त्याच्यासोबत बँकेत जा आणि २०१७ च्या परिपत्रकाचं नाव काढा. तक्रार नोंदली जाते की नाही, ते तिथे उभं राहून बघा.

आजच्यापुरतं एवढंच. हा भाग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, आणि ज्यांना वाचायला जड जातं त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात.